कारणाचा रकाना

दौलू पेंटर गेल्याची बातमी मला फलकावरून कळली. तालमीच्या भिंतीवरचा जो काळा फलक त्यानं वीसेक वर्षं रोज सकाळी लिहिला, त्याच फलकावर दुसऱ्या कुणाच्या तरी तिरक्या, घाईच्या अक्षरात त्याचं नाव होतं. मी एका दाव्याच्या कामानं चार दिवस पुण्याला होतो. सकाळच्या एस.टी.नं कोल्हापुरात उतरलो, रिक्षा पेठेत वळली आणि समोर ते दिसलं... ‘साठेबाजांचा कर्दनकाळ, निर्भीड फलकलेखक कै. दौलतराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली शोकाकुलांची यादी. त्यात पहिलं नाव माझं, मला न विचारता घातलेलं. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "तुमच्या वळकीचं हुतं काय, सायेब?" मी हो म्हणालो. लहानपणापासून एका तालमीच्या मातीत लोळलेल्या माणसाला ओळखीचा म्हणतात की आणखी काही, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

चार दिवसांनी तालमीत शोकसभा झाली. माजी नगरसेवक, पेठेतला वकील आणि मयताचा जिवाभावाचा मित्र म्हणून अध्यक्ष मीच. वीस मिनिटं बोललो. दौलूनं एका ओळीत महागाईचं मूळ कसं उघड केलं, सत्तेला आणि पैशाला तो कसा भ्याला नाही, हे मी नेहमीच्या सराईतपणानं सांगितलं. पुढच्या सतरंजीवर त्याची बायको शालन बसली होती. तिनं एकदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच. घरी येऊन मी अंगरखा काढला आणि मला स्वतःची किळस आली. कारण ती ओळ दौलूची नव्हती. ती माझी होती. अक्षर त्याचं होतं. श्रेयही त्याच्या माथी गेलं आणि शिक्षाही त्याच्याच. हे सांगायला मला त्याच्या मरणाची वाट बघावी लागली, यावरून मी कसला माणूस आहे ते वाचकांनी ठरवावं.

दौलूचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा, दौलूही तेच शिकला. शाळेत माझ्या पुढं कधी गेला नाही, पण त्याचं अक्षर बघायला मास्तर दुसऱ्या वर्गातली मुलं घेऊन यायचे. दिवाळीच्या पाडव्याला पेठेतल्या म्हशी सजवून मिरवायला काढतात, तेव्हा त्यांची शिंगं रंगवायला दौलूच लागायचा. म्हशीच्या कपाळावर हात ठेवून तिच्याशी काहीबाही बोलायचा, ती निवली की मग ब्रश काढायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो, की हा म्हशीला आधी रंग पसंत आहे का ते विचारतो. तो म्हणायचा, "तिची शिंगं हायत, माझी हायत व्हय?" असा माणूस. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास त्यानं तालमीचा फलक हातात घेतला. त्याची आई तांदूळ आणायला गेली, तर एका दुकानात एक भाव, पुढच्या दुकानात दुसरा. बाई माणूस बघून तोंडाला येईल तो भाव सांगायचे. दौलूनं ठरवलं, पेठेतल्या बायकांना घरातून निघतानाच भाव माहीत पाहिजे. तेव्हापासून रोज पहाटे सायकल काढून लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात जायचा, चार पेढ्यांवर भाव विचारायचा आणि साडेसातच्या ठोक्याला फलकावर लिहायचा. तांदूळ, जोंधळा, तूरडाळ, गोडेतेल, गूळ, दूध. एवढंच. खाली सही नाही, की टोमणा नाही.

तीन-चार वर्षांनी त्यात शहाणपणाची भर घातली ती मी. माझं घर तालमीच्या समोर, वरच्या मजल्याची खिडकी बरोबर फलकावर. मी नुकताच वकील झालो होतो, पक्षाचं काम करत होतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण मला ठाऊक होतं. मी दौलूला म्हणालो, नुसता भाव लिहून लोक शहाणे होत नाहीत, भाव का वाढला तेही लिही. त्यानं डोकं खाजवलं. "मला कुटं ठावं असतंय? तू सांग, मी लिवतो." लगेच त्यानं फलकावर पांढऱ्या ऑइलपेंटची उभी रेघ मारली. डाव्या बाजूला ‘आजचा भाव’, उजव्या बाजूला ‘कारण’, दोन्ही मथळे कायमचे, पुसता न येणारे. आणि आमचा रोजचा शिरस्ता ठरला. दौलू भाव लिहायचा, मागं सरकायचा, मान वर करून माझ्या खिडकीकडं बघायचा. मी चहाचा पेला घेऊन खाली यायचो आणि कारण सांगायचो. दूध महाग, कारण : म्हैस आपली, तांब्या मुंबईचा. गूळ महाग, कारण : गुऱ्हाळ दारात, ढेपा गुजरातेत. अंडी महाग, कारण : पैलवान नवे, कोंबड्या जुन्याच. लोक कामावर जाताना थांबून वाचायचे, हसायचे, भांडायचे. आमच्या पेठेइतकी महागाईवर चर्चा दिल्लीत तरी होत असेल का, याची मला शंका आहे.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला आणि हसू संपलं. त्यानंतरच्या वर्षी पाऊस बरा झाला, राधानगरीचं धरण भरलं, तरी तांदळाचा भाव उतरेना. पेठेत तीन तट पडले. सरकार पक्षाचे लोक म्हणायचे, दुष्काळ झाला, लढाई झाली, माल वरूनच कमी येतो, कुणाचा दोष नाही. दुसरे म्हणायचे, दोष उसाचा. बावड्यापासून नदीकाठानं बघत जा, भाताच्या खाचरात ऊस शिरलाय, आता साखरेचा भात करून खावा. आणि आमचा पक्ष म्हणायचा, माल आहे, तो दडवलाय, व्यापाऱ्यांनी दडवलाय. तिन्ही गोष्टींत थोडं थोडं खरं होतं. पण निवडणूक तोंडावर आली होती आणि निवडणुकीला थोडं थोडं खरं चालत नाही. आम्ही तालमीच्या अंगणात परिसंवाद ठेवला, ‘महागाईचं मूळ कशात?’ संध्याकाळी अंगण भरलं. तिन्ही बाजूंचे वक्ते झाले, मी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जोरात बोललो. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून गंगाआक्का उठली. चार घरची भांडी घासणारी म्हातारी, रोजच्या रोज चिपटंभर तांदूळ विकत घेऊन चूल पेटवणारी. ती म्हणाली, "सायेब, मला राजकारन कळत न्हाय. सुगीला गाड्या भरून तांदूळ पेठंत येतो, ह्या डोळ्यांनी बघतो मी. मग श्रावनात त्यो जातो कुटं, एवढंच सांगा." बाकीचे वक्ते आपापले कागद आवरू लागले. मी मात्र व्यासपीठावरून म्हणालो, आक्का, आठ दिवसांत सांगतो. टाळ्या पडल्या.

पेठेच्या टोकाला दस्तगीरचं किराणा दुकान होतं. तीन पिढ्या त्याच जागी. गंगाआक्का चिपटंभर तांदूळ घ्यायची तो तिथंच. दस्तगीर तिला मापाच्या वर मूठभर टाकायचा आणि दुसरीकडं बघायचा, म्हणजे तिला आभार मानावे लागू नयेत. परिसंवादानंतर तीन-चार दिवसांनी मी एका नोटिशीच्या कामानं त्याच्याकडं गेलो. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मागच्या परड्यात डोकावलो. तिथं एक पत्र्याची मोठी खोली होती, दार अर्धवट उघडं होतं. आत फळ्यांच्या घडवंचीवर आढ्यापर्यंत तांदळाची पोती... कडुलिंबाचा वाळलेला पाला मधे मधे खोचलेला. प्रत्येक पोत्यावर काळ्या रंगात एकेक चित्र, कुठं मासा, कुठं सूर्य, कुठं तुळस. मला वाटलं व्यापाऱ्यांचे मार्के असतील. तेवढ्यात दस्तगीर आला. मी विचारलं, एवढी पोती कुणाची? तो हसला. "लोकांची ठेव हाय, वकीलसायेब." मीही हसलो. मनात म्हटलं, सापडलं. गंगाआक्काचा तांदूळ कुठं जातो, ते सापडलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला दौलूनं भाव लिहिला, मागं सरकला, वर बघितलं. मी खाली आलो आणि ओळ सांगितली. ‘कारण : दस्तगीर साठेबाजाच्या परड्यातली पोती.’

दौलूचा हात थांबला. "पोती कुनाची हायत, इचारलंस काय?"

"विचारलं. लोकांची ठेव आहे म्हणतो."

"मग?"

"मग काय? चोर काय माझी आहेत म्हणून सांगणार?"

त्यानं खडू फळीवर ठेवला. "वकील, एक काम कर. आधी वर जा. घरात इचारून ये."

मला हसू आलं. "घरात काय विचारायचं? आई सांगणार का मला महागाईचं कारण?"

"सांगंल की," एवढंच तो म्हणाला.

मला वाटलं भितोय. रोज दस्तगीरच्या दुकानात बसून चहा पितो, म्हणून जीभ जड झाली. मी म्हणालो, भीत असशील तर खडू इकडं दे, मी लिहितो. त्यानं खडू परत उचलला. मग म्हणाला, "तुझं अक्षर कोन वाचनार?" आणि ओळ लिहिली. नेहमीसारखी सुबक, ठसठशीत. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्यानं मला दोनदा वाट दिली होती. वर जाऊन आईला विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी देशाच्या धान्यधोरणावर तासभर बोलू शकत होतो, पण आमच्या घरात तांदूळ कुठून येतो, हे मी जन्मात विचारलं नव्हतं. ताट पुढ्यात येत होतं, मी जेवत होतो.

नऊच्या सुमारास दस्तगीरच्या दारात दीड-दोनशे माणसं जमली. मी पक्षाच्या माणसाकरवी पुरवठा खात्याला निरोप धाडला होताच. दुपारी जीप आली. पंचनामा सुरू झाला, पोती एकेक करून बाहेर रस्त्यावर आली. मासा आला, सूर्य आला, चूल आली, तुळस आली. मला घोषणांची अपेक्षा होती, पण दारादारांत बायका पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, भ्याल्यात. पुरवठा खात्याच्या साहेबांनी दस्तगीरला विचारलं, ही पोती कुणाची? त्यानं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दारांवरून नजर फिरवली. एकही दार पुढं आलं नाही. मग तो म्हणाला, "माझीच हायत म्हना." त्याला जीपमध्ये बसवून नेलं.

मी विजयी वीरासारखा घरी जेवायला आलो. आईनं ताट वाढलं आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "पोपट आपला हुता." मी विचारलं, कसला पोपट? तेव्हा ती खाली बसली आणि तिनं मला बेगमी म्हणजे काय ते सांगितलं, बत्तिसाव्या वर्षी, मी वकील असताना. सुगी झाली की आजऱ्याचा नवा घनसाळ तांदूळ स्वस्त असतो. पेठेतली ज्यांना जमतं ती घरं तेव्हाच वर्षाचा भरून ठेवतात. आमच्या पेठेतली घरं बुटकी, भिंतींना ओल, उंदीर ही तर घरचीच माणसं. म्हणून बायकांनी फार वर्षांपासून दस्तगीरच्या परड्यात पोती ठेवायची पद्धत पाडली होती. लागेल तसं दर महिन्याला टोपली भरून आणायची. पण कुणाच्या घरात किती भरलंय हे बोलायचं नसतं. दृष्ट लागते, पाव्हणे मागायला येतात, जाऊबाई टोमणे मारते. म्हणून पोत्यावर नाव नाही, खूण; आमची पोपट. आणि खुणा काढायला त्या बायका दौलूला बोलवत. कुणाचा मासा, कुणाचा सूर्य, हे दोघांनाच माहीत, दस्तगीरला आणि दौलूला. दौलूनं त्याबद्दल कधी शालनजवळही तोंड उघडलं नव्हतं. म्हणून मला तो सांगू शकला नाही. घरात विचार, एवढंच म्हणू शकला.

गंगाआक्काच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. सुगीचा तांदूळ श्रावणात कुठं जातो? आमच्या पोटात. ज्यांच्या हातात सुगीला चार पैसे असतात, ती सगळी घरं मिळून बाजार रिकामा करतात, आणि रोज आणून रोज खाणाऱ्या बाईला उरलेला तांदूळ चढ्या भावानं घ्यावा लागतो. साठेबाज शोधायला मला परड्यात जायची गरज नव्हती... मी आईला म्हणालो, आता काय करायचं? ती म्हणाली, "गप बसायचं. भाईर जाऊन बोललास तर पन्नास घरं साठेबाज ठरतील, आन् पयलं आपलं." आणि खरं सांगतो, मला तिनं तसं म्हटल्याचं बरंच वाटलं.

त्याच संध्याकाळी दौलू वर आला. जिन्यात उभा राहूनच म्हणाला, "मी जातो पुरवठ्याच्या हापिसात. खुना माझ्या हातच्या हायत, समदं सांगतो. दस्तगीर सुटंल." वकिलाला अशा वेळी बरोबर सुचतं. मी म्हणालो, बायकांची नावं सांगणार? विश्वासानं ठेवलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडणार? त्याचा चेहरा पडला. त्याच्या इमानाचाच दोर वळून मी त्याला बांधला. "मग तू तरी सांग, की ओळ तू सांगितलीस," तो म्हणाला. मी म्हणालो, निवडणूक होऊ दे, मग बघू. तो जिना उतरून गेला.

दोन दिवसांनी दस्तगीर जामिनावर सुटून माझ्याकडं आला. पेठेतला वकील मीच, दुसरीकडं कुठं जाणार? कागद पुढं ठेवले आणि म्हणाला, "ठेवीदारांची नावं घ्याची न्हाईत. त्याबिगर काय हुतंय काय, बगा." मी म्हणालो, त्याशिवाय केस उभीच राहत नाही. शिवाय आमच्या पक्षानंच हा प्रश्न लावून धरलाय, मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो तर लोक काय म्हणतील? तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तिनं कप ठेवला, पण हात काढेना. दस्तगीर तिला म्हणाला, "आक्का, बसा की. चा झकास झालाय." अजून त्यानं घोट घेतलाही नव्हता. आई आत गेली ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. पुढं त्याचा परवाना रद्द झाला. दुकानाला कुलूप लावून तो आजऱ्याला मुलीकडं राहायला गेला. जायच्या दिवशी पेठेतली माणसं घराघरांत होती, कामात होती.

जप्त झालेला तांदूळ सरकारी भावानं रेशनच्या दुकानातून वाटला. गंगाआक्काला त्यातला मिळाला. फलकापुढं येऊन तिनं दौलूच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "तुझ्यामुळं जन्मात पयल्यांदा घनसाळाचा भात खाल्ला, लेकरा." दौलू खडूचा तुकडा हातात घेऊन उभा राहिला. ते एक आठवडा चाललं. पुढच्या आठवड्यापासून, ज्यांची बेगमी गेली ती पन्नास घरं भर पावसाळ्यात तांदूळ विकत घ्यायला बाजारात उतरली, आणि पेठेत भाव असा चढला की तो महिनाभर उतरला नाही. दस्तगीरचं दुकान बंद, त्यामुळं आक्काला पलीकडच्या पेठेत जावं लागायचं. तिथं मापावर मूठभर कुणी टाकत नव्हतं. मी निवडून आलो, चांगल्या मतांनी आलो. प्रचारात दौलूच्या फलकाचा फोटो छापला होता.

पेठेनं दौलूला तोंडावर निर्भीड म्हटलं आणि पाठीमागं वाळीत टाकलं. उघड बोलायची सोय कुणालाच नव्हती. माझा तांदूळ गेला म्हणायचं, तर मी साठवला होता हे कबूल करावं लागतं. म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. पाट्यांची कामं हळूहळू गावातल्या दुसऱ्या पेंटरकडं गेली. लग्नात दारावर नावं काढायला त्याला बोलवेनात. पाडव्याला शिंगं रंगवायला म्हशी येत, तेवढ्याच येत. म्हशींना कुणी काही सांगितलं नव्हतं. शालन शिवणकाम करू लागली. तिला सगळं माहीत होतं, हे मला उशिरा कळलं. दौलूनं तिलाही गप्प राहायला सांगितलं होतं. एकदा तिनं मला गल्लीत गाठून विचारलं, "भावजी, निवडणूक कवाच झाली की. अजून किती दिवस?" मी म्हणालो, वहिनी, बघतो. दोन निवडणुका मी बघतच होतो.

मी महापालिकेत त्याला कायमचं काम मिळवून देतो म्हणालो, त्यानं नको म्हटलं. अबोला धरला नाही, रस्त्यात भेटला की "काय वकील" म्हणायचा. फक्त एक बदल झाला. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यानं फलकावर रोज भाव लिहिला आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला. दहा-अकरा वर्षं. लोकांनी विचारून पाहिलं, चेष्टा केली, नंतर त्यांच्या नजरेला सवय झाली. भाव लिहून झाला की तो दोन पावलं मागं सरकायचा, खडू हातातच धरून मान वर करायचा आणि माझ्या खिडकीकडं बघत उभा राहायचा. मिनिटभर. मग खडू खिशात टाकून सायकल काढायचा. मला वाटायचं, मला लाजवायला बघतो. मनातून चिडायचो. त्या वेळी खिडकीत असलो तर एक पाऊल मागं सरायचो, गजाआड दिसणार नाही इतकं.

शोकसभेनंतर महिन्याभरानं मी आजऱ्याला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. दस्तगीर लेकीच्या अंगणात बसून काजूबिया निवडत होता. थकलाय, नजर अधू झालीय, हात मात्र भराभर चालत होते. मी म्हणालो, दौलू गेला. तो म्हणाला, "औंदा नव्या तांदळाला आला न्हाय, तवाच समजलो." दौलू दर वर्षी सुगीनंतर त्याला भेटायला जात होता, हे मला तिथं कळलं. मग मी, ज्यासाठी गेलो होतो ते सांगितलं. ती ओळ माझी होती, दौलूनं नुसती लिहिली. दस्तगीरनं मान वर केली नाही. "व्हय," म्हणाला. तुम्हाला माहीत होतं? "म्हशीला इचारून रंग लावनारा मानूस त्यो. त्याच्या पोटात असला शबुद यायचाच न्हाय." मग तुम्ही कधी बोलला का नाही? त्यानं एक किडकी बी बाजूला टाकली. "कुनाला बोलू? तुमच्या आईनी पोपट माझ्याकडं ठेवलाता. ठेव तर गेली. म्हटलं, ठेवनारी मानसं तरी ऱ्हाऊ देत."

निघताना मी विचारलं, दौलू तुमच्याशी काय बोलायचा? तो म्हणाला, "कायबी. भाव सांगायचा. एकदा मी इचारलं, कारनाच्या घरात आता काय लिवतोस? म्हनला, कोरंच हाय. सांगनारा वरच्या खिडकीत असतोय. रोज वाट बगतो. खाली आला की लिवतो." दस्तगीर हे साधेपणानं म्हणाला, मला टोचावं म्हणून नव्हे. परतीच्या एस.टी.त मी आजऱ्यापासून कोल्हापुरापर्यंत खिडकीला डोकं टेकून रडलो. रडण्यात काही अर्थ नव्हता. खाली उतरायला मला सतरा पायऱ्या होत्या.

फलक आता तालमीतले दुसरे कुणी लिहितात, आठवड्यातून दोनदा, मनात आलं तर. रेघ आणि दोन्ही मथळे दौलूच्या हातचे, ऑइलपेंटचे, म्हणून टिकून आहेत. उजवीकडचा कोरा रकाना मोकळा दिसतो, तर त्यात सूचना, अभिनंदन असं काहीही लिहितात. गेल्या पंधरवड्यात माझा वाढदिवस झाला. सकाळी खिडकीतून बघितलं तर डावीकडं तांदळाचा भाव होता आणि उजवीकडं, ‘कारण’ या मथळ्याखाली, माझं पूर्ण नाव. त्याखाली बारीक अक्षरात शुभेच्छा. दिवसभर सगळी पेठ त्यापुढून गेली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी खाली जाऊन, हे पुसू नका, एवढं तरी म्हणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

म्हणून हे इथं लिहिलं. फलकासमोर उभं राहून लिहायचा धीर झाला नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी लांबच्या लोकांत जाते आणि चार दिवसांत तिच्यात भाजके शेंगदाणे बांधले जातात, हे मला कळतं. दौलूला हे पुरलं नसतं. तो म्हणाला असता, वर बसून काय लिवतोस, खाली ये की. साडेसात वाजले की मी अजून चहाचा पेला घेऊन खिडकीशी जातो. तालमीपुढं कुणी नसतं, मान वर करून कुणी बघत नाही. तरी रोज त्या वेळेला मी एक पाऊल मागं सरतो.